दारू सोडणाऱ्यांच्या बैठका

दारू सोडलेल्या माणसाची खरी अडचण दिवसा नसते. दिवसा शेत असते, गिरणी असते, मुकादमाची हाक असते. अडचण सुरू होते ती दिवेलागणीला. वर्षानुवर्षे त्या वेळेला पाय आपोआप गुत्त्याकडे वळलेले असतात. आता शपथ घेतली, देवापुढे नारळ फोडला, पोराच्या डोक्यावर हात ठेवून आणभाक केली. सगळं यथासांग झालं. पण सात वाजल्यापासून दहा वाजेपर्यंतच्या तीन तासांचं करायचं काय, हे त्या शपथेत सांगितलेलं नसतं. गावात माणसे विचारतात, "काय रे, सोडलीस का?" धरलंस काय, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

जगात निरनिराळ्या ठिकाणी व्यसनी माणसांनी एकत्र येऊन या तीन तासांची सोय लावण्याचा प्रयत्न केला. कोणी गोष्ट सांगितली, कोणी बाजा वाजवला, कोणी टाळ हाती घेतले, कोणी चिसेल आणि लाकडाचा ठोकळा. आणि गंमत अशी, की या करमणुकीच्या वाटणाऱ्या गोष्टींनाच त्यांतले पुष्कळजण आपली उपासना म्हणू लागले. असे का झाले, ते आज आपण पाहू.

सुरुवात अमेरिकेतल्या बाल्टिमोर या बंदरी शहरापासून करू. साल १८४०, महिना एप्रिल. लिबर्टी नावाच्या रस्त्यावर चेस याचा दारूचा गुत्ता होता आणि तिथे सहा दोस्त नेमाने जमत. त्यांत एक शिंपी होता, एक सुतार, एक चांदीकाम करणारा. बाकीचे लोहारकाम आणि गाडीकाम करणारे. म्हणजे सगळे हाताने कसब करणारे कारागीर. त्या दिवशी गावात एका पाद्रीबुवांचे दारूबंदीवर व्याख्यान होते. या मंडळींनी थट्टेने आपल्यातलेच काहीजण ऐकायला पाठवले. ते परत आल्यावर वाद रंगला. गुत्तेवाला म्हणाला, हे व्याख्याते सगळे ढोंगी. त्यावर कोणीतरी सुनावले, की तू असे म्हणणारच, तुझे पोट त्यावर आहे! थट्टेचे रूपांतर विचारात झाले, आणि थोड्याच दिवसांत या सहाजणांनी दारू सोडल्याच्या कागदावर सह्या केल्या. आपल्या मंडळाला त्यांनी अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षाचे, वॉशिंग्टनचे नाव दिले.

पुढची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पहिल्या काही बैठका त्यांनी त्याच गुत्त्यात भरवल्या! अखेर चेसच्या बायकोने तक्रार केली, की आपली रोजची गिऱ्हाइके अशी हातची चालली. मग बैठक हलली आणि होता होता एका सुताराच्या कारखान्यात भरू लागली. बसायला लाकडे, पायाखाली भुसा. इथे एक अडचण उभी राहिली. दर आठवड्याला जमायचे खरे, पण बोलायचे काय? व्याख्यान देईल असा विद्वान त्यांच्यात कोणी नव्हता आणि पाद्रीबुवांना बोलवायची इच्छा नव्हती. तेव्हा शिंपी मिचेल याने सुचवले, की प्रत्येकाने उठून आपली हकिगत सांगावी. प्यायला कधी लागलो, काय काय घालवले, आणि आता कसे वाटते, एवढेच.

श्रोतेहो, ही सूचना दिसते साधी, पण त्या काळाच्या मानाने ती फार धाडसाची होती. तोपर्यंत दारूविरुद्ध जे काही बोलले जाई, ते न पिणाऱ्याने पिणाऱ्याला सांगितलेले असे. दारुडा म्हणजे वाया गेलेला जीव. त्याचा नाद सोडा, बाकीच्यांना वाचवा, असे पुष्कळ सुधारक उघड म्हणत. आता त्याच दारुड्याला उभे करून सांगितले, की तू बोल, आम्ही ऐकतो. स्वतःच्या आयुष्याची गोष्ट सांगायची तर ती आधी जुळवावी लागते. आधी काय झाले, मग काय, कुठे वळण लागले, कुठे मी खोटे बोललो, याची मांडणी करावी लागते. नशेतल्या माणसाच्या आयुष्याला अशी मांडणी राहिलेलीच नसते. सगळे दिवस एकमेकांत मिसळून गेलेले असतात. त्या गोंधळातून एक गोष्ट उभी करणे ही माझ्या मते कलाकृतीच आहे, मग ती सांगणारा लोहार का असेना.

हे लोण वणव्यासारखे पसरले. वर्षभरात बाल्टिमोरच्या रस्त्यांतून दारू सोडलेल्यांची मोठी मिरवणूक निघाली. २२ फेब्रुवारी १८४२ रोजी स्प्रिंगफील्ड गावच्या मंडळापुढे अब्राहम लिंकन या तरुण वकिलाचे भाषण झाले. हाच पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. दारुड्याला शिव्या देऊन कोणी सुधारत नाही, त्याच्याशी मित्रासारखे बोला, असा त्याचा रोख होता. मंडळांची गाणी निघाली, आणि त्यांतली बरीचशी लोकांच्या ओळखीच्या चालींवर बांधलेली होती. आपल्याकडे जलशांतून आणि मेळ्यांतून असेच केले जाई; चाल ओठांवर असली, की नवे शब्द आपोआप बसतात. स्त्रियांनी १८४१ पासून आपली वेगळी मंडळे काढली आणि त्यांनी हातात सुईदोरा घेतला. दारूपायी उघड्यावर पडलेल्या कुटुंबांसाठी त्या कपडे शिवीत, फाटके सांधून देत. इतिहासाच्या पुस्तकांतून मिरवणुकीवर पाने भरलेली असतात, या शिवणावर दोन ओळी. पण अंगात धड सदरा नसलेला माणूस बैठकीला यायलाच लाजतो, हे त्या बायांना ठाऊक होते.

याच सुमारास आयर्लंडात काय चालले होते, तेही थोडक्यात सांगतो. कॉर्क शहरात फादर मॅथ्यू नावाच्या धर्मगुरूने १८३८ साली दारूत्यागाची शपथ द्यायला सुरुवात केली आणि लाखो लोकांनी ती घेतली. त्याच्या मंडळांनी गावोगाव वाचनखोल्या काढल्या आणि बँडपथके उभारली. ज्या मजुराने आयुष्यात कधी वाद्य हाती धरले नव्हते, तो रोज संध्याकाळी पितळी शिंग फुंकायचा सराव करू लागला. फुंकायला दम लागतो. प्यायलेल्या माणसाला ते साधत नाही. पुढे दुष्काळ पडला, देशावर अनर्थ कोसळला आणि चळवळ ओसरली.

अमेरिकेतली चळवळही टिकली नाही. दहा वर्षांच्या आत तिचा जोर संपला. कारणे अनेक होती. कायद्याने दारूबंदी करावी की मन वळवावे, यावर तट पडले. चर्चवाल्यांशी बिनसले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने मला एक कारण महत्त्वाचे वाटते आणि ते जॉन गॉफ या माणसाच्या चरित्रात दिसते.

गॉफ जन्माने इंग्रज. बारा वर्षांचा असताना अमेरिकेत आला आणि पुस्तकबांधणीचे काम शिकला. आवाज चांगला, नकला उत्तम. तेव्हा नाटकमंडळ्यांतून विनोदी गाणी म्हणू लागला आणि दारूत बुडाला. बायको गेली, तान्हे मूल गेले. १८४२ च्या ऑक्टोबरात वुस्टर गावच्या रस्त्यावर एका भल्या माणसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला सभेला यायला सांगितले. हा भला माणूस एका उपाहारगृहातला वाढपी होता. गॉफने सही केली, आपली हकिगत सांगितली, आणि सभा थरारून गेली. नट होता ना तो! पाहता पाहता गावोगावची बोलावणी येऊ लागली. १८४३ मध्ये तो एकदा घसरला. पुन्हा सही केली. १८४५ साली, नाव झाले असताना, न्यूयॉर्कमध्ये आठवडाभर नाहीसा झाला आणि एका बदनाम घरात सापडला. सरबतातून मला काहीतरी पाजले, असे त्याचे म्हणणे. विरोधकांनी अर्थातच ते उडवून लावले. त्यानंतर मात्र तो सावरला आणि चाळीस वर्षे अमेरिकेत नि इंग्लंडात व्याख्याने देत राहिला. १८८६ साली फिलाडेल्फियाजवळ व्यासपीठावर उभा असतानाच त्याला झटका आला आणि त्यातच त्याचा अंत झाला.

गॉफला मी ढोंगी म्हणणार नाही. त्याने हजारोंना वाचवले असेल. पण सुताराच्या कारखान्यात भुशावर बसून सांगितलेली हकिगत आणि तिकीट लावून भरलेल्या सभागृहात रंगवलेली हकिगत, यांत फरक पडतोच. तिथे टाळीसाठी गोष्ट वाढू लागते. रोज तेच दुःख, त्याच जागी तोच हुंदका. ऐकणाऱ्याला वाटते, काय माणूस आहे! आणि सांगणारा हळूहळू स्वतःलाच ऐकू येईनासा होतो. कीर्तनाची ज्यांना सवय आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

मध्ये जवळजवळ नव्वद वर्षे गेली. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस ॲक्रन या गावी एका व्यवहारासाठी गेला होता. व्यवहार फसला. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. उतारगृहात उभ्या उभ्या दारूच्या दालनातले हसणे-खिदळणे कानी पडत होते, आणि आता आपण घसरणार अशी त्याला धास्ती वाटली. त्याने कोणा दुसऱ्या दारुड्याचा शोध चालवला. पाजायला नव्हे, बोलायला! ओळखीओळखीतून त्याची गाठ गावातले शल्यवैद्य डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी पडली. डॉक्टर स्वतः बेजार होते. पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही, असे सांगून आले होते. दोघे बसले ते कित्येक तास. विल्सनने उपदेशाचे अक्षर काढले नाही, फक्त स्वतःची गोष्ट सांगितली. १० जून १९३५ रोजी डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला. त्या दिवसापासून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस', म्हणजे अनामिक मद्यपींची संघटना, आपले वय मोजते.

या लोकांनी १९३९ साली एक पुस्तक काढले, त्यात अर्ध्याहून जास्त पाने माणसांच्या आत्मकथांची आहेत. त्यांनी बारा पायऱ्या सांगितल्या. त्यांतल्या एका पायरीवर आपल्या स्वभावाची आणि चुकांची झडती घ्यायची असते, आणि ती कागदावर मांडायची असा त्यांचा परिपाठ पडला. पुढच्या पायरीवर ती कोणा एकाला वाचून दाखवायची. देवाच्या प्रश्नावर त्यांच्यात पुष्कळ खडाजंगी झाली. कोणी भाविक, कोणी नास्तिक. शेवटी, ज्याला जो उमगेल त्या रूपात ईश्वर त्याने मानावा, असा तोडगा निघाला. आपल्याला यात नवल वाटणार नाही. इष्टदैवत ज्याचे त्याचे, ही आपली जुनीच रीत.

विल्सनने १९४५ च्या सुमारास त्या जुन्या वॉशिंग्टन मंडळांच्या ऱ्हासाकडे आपल्या सोबत्यांचे लक्ष वेधले. राजकारणात पडायचे नाही, दुसऱ्यांच्या भांडणांत मत द्यायचे नाही आणि वर्तमानपत्रांतून नाव मिरवायचे नाही, हे नियम त्यांनी कसोशीने घालून घेतले. गोष्ट सांगायची, पण नाव अर्धेच सांगायचे. टाळ्यांना वाव ठेवायचा नाही. कलावंताला ही अट फार जाचक वाटेल. पण गोष्ट सांगणे ही साधना राहायची असेल, तर ती बिननावाची असणेच बरे, हे त्यांना अनुभवाने पटले होते.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांचा या संघटनेशी एक आडवळणाचा संबंध आहे. त्यांच्याकडे फार वर्षांपूर्वी एक अमेरिकन मद्यपी उपचाराला आला होता. औषधाने तुझे काही होणार नाही, अंतरंगात पालट झाला तरच, असे युंग यांनी त्याला सांगितले, आणि तो निरोप माणसामाणसांतून विल्सनपर्यंत पोचला. १९६१ च्या जानेवारीत विल्सनने आभाराचे पत्र लिहिले. उत्तरात युंग यांनी लॅटिन भाषेची एक खुबी दाखवली : त्या भाषेत दारूला आणि आत्म्याला एकच शब्द आहे. दारूची ओढ म्हणजे पूर्णत्वाच्या तहानेचेच एक खालचे रूप, असे त्यांचे म्हणणे. हेच युंग आपल्या रुग्णांना मनातली चित्रे रंगवायला सांगत आणि स्वतः तळ्याकाठच्या घरी दगड कोरीत बसत. तहान खरी असेल तर पाणी कोणते द्यायचे, हा प्रश्न उरतो. युंग यांचा स्वतःचा कल कोणीकडे होता, ते त्या दगडांवरून कळते.

पण कला हाती दिली की माणूस सुटला, असे मात्र समजू नये. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन येथे १९३५ साली सरकारने अफूगर्दच्या व्यसनींसाठी एक अवाढव्य रुग्णालय उघडले. निम्मा तुरुंग, निम्मी शेतवाडी. तिथे जाझ संगीतातले इतके नामांकित वादक येऊन गेले, की तिथल्यासारखा वाद्यमेळ मोठ्या शहरातही ऐकायला मिळू नये. तरीसुद्धा बाहेर पडलेल्यांपैकी बहुसंख्य पुन्हा सुईकडे वळले, हे तिथल्याच पाहण्यांतून उघड झाले. संगीत होते, पण घरी परतल्यावर संध्याकाळी जायचे कुठे? जुन्याच गल्लीत, जुन्याच सोबतीत. १९४७ मध्ये त्या रुग्णालयातच व्यसनींनी बारा पायऱ्यांच्या धर्तीवर आपली बैठक सुरू केली, ती ही उणीव ओळखूनच.

त्या वादकांपैकी दोघांची नावे इथे घेतली पाहिजेत. सॉनी रॉलिन्स १९५५ मध्ये आपण होऊन लेक्सिंग्टनला गेला आणि सुटला तो सुटला. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हा माणूस चक्क मुंबईजवळ पवईला येऊन स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने राहिला! पद्मासन घालून ध्यानाला बसले की मन ठरत नाही, अशी त्याची तक्रार. तू वाद्य वाजवतोस तेच तुझे ध्यान, असे त्याला तिथे सांगण्यात आले, हे त्याने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. दुसरा जॉन कोल्ट्रेन. तो लेक्सिंग्टनला गेला नाही. १९५७ साली फिलाडेल्फियात घरीच पडून राहून त्याने गर्द सोडली. सात वर्षांनी, ९ डिसेंबर १९६४ रोजी, त्याने चार भागांची एक रचना ध्वनिमुद्रित केली आणि ती ईश्वराला अर्पण केली. तिच्या शेवटच्या भागात तो स्वतः लिहिलेली प्रार्थना वाद्यावर अक्षर अक्षर 'म्हणतो'. शब्द तोंडाने उच्चारायचे नाहीत, सुरांतूनच उमटवायचे. सनईवर अभंग ऐकलेल्या माणसाला हे लगेच कळेल. आपल्या एका मुलाचे नाव त्याने रवि ठेवले, ते पंडित रविशंकरांवरून.

आता आपल्याकडे वळू. गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू आणि मांस सुटले, हा वारकऱ्यांचा नियम गावातल्या पोरासोरांना ठाऊक आहे. पण नुसत्या माळेने भागत नाही, हेही त्या परंपरेने ओळखले. माळ घातली की भजन आले, आणि भजनाची वेळ बघा : दिवेलागणीनंतरची! गुत्ता भरायची जी वेळ, तीच देवळात टाळ वाजायची. चाल म्हणणारा एखादाच असतो, पण मागून धरणारे वीस असतात. ज्याला गळा नाही त्याला टाळ आहे, ज्याला ताल नाही तो निदान टाळी वाजवतो. कोणी चुकले तर बाकीचे सावरून घेतात. मृदंग शिकायचा तर वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत हात थरथरून चालत नाही. पिणाऱ्या माणसाच्या संध्याकाळची इतकी चोख व्यवस्था इतरत्र क्वचितच लागली असेल, असे मला वाटते.

गाडगेबाबांनी दारूने घर कसे बसते, हे लहानपणी स्वतः पाहिले होते. त्यांचे वडील व्यसनापायीच गेले. मुलीच्या बारशाला दारू आणि मांसाची पंगत घालायची जातीतली रूढी त्यांनी मोडली. त्यांच्या कीर्तनात ते एकटे बोलत नसत. समोरच्याला प्रश्न विचारीत आणि उत्तर येईपर्यंत सोडीत नसत. ऐकणारा आपोआप कीर्तनात सामील होई. तुकडोजी महाराजांनी खंजिरी हाती घेतली आणि १९५५ च्या ग्रामगीतेत व्यसनाविरुद्ध बजावले, शिवाय गावाने रोज एकत्र बसून प्रार्थना करावी, असा पाठ घालून दिला.

अनामिक मद्यपींची बैठक भारतात, मुंबईत, १९५७ साली रुजली. आणि पुण्याला २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू झाले. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यातल्या मुलांवर लिहिले; ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदत पुढे केली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर असलेल्या सुनंदा अवचट यांनी काम अंगावर घेतले. त्या १९९७ मध्ये गेल्या, तरी पाया त्यांचा. रागावून, कोंडून माणूस बरा होत नाही, माया लावावी लागते, हा त्यांचा धडा होता. अनिल अवचट हे छंदांचे माणूस. बासरी वाजवीत, कागदाच्या घड्या घालून पक्षी-प्राणी करीत, लाकडात शिल्पे कोरीत. यातल्या कशातही आपण तरबेज नाही, आनंद मिळतो म्हणून करतो, असेच ते या छंदांबद्दल लिहीत. गर्द ओढणाऱ्याला सुख एकाच वाटेने मिळते अशी सवय झालेली असते. तशी दुसरी वाट आपल्याच बोटांत आहे, हे त्याला करून पाहिल्याशिवाय पटत नाही. चौकोनी कागद घ्या, दहा-बारा घड्या घाला, पक्षी होतो. शिक्षक मंडळींना हे वर्गात करून बघायला हरकत नाही. खर्च काही नाही.

अनिल अवचट २०२२ च्या जानेवारीत गेले. मुक्तांगण चालू आहे, आणि त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर ते पाहतात. तिथे काम करणाऱ्यांत बरेचजण एकेकाळी तिथलेच रुग्ण होते. नवा माणूस दाखल झाला, की त्याच्याजवळ बसून, आपण स्वतः कसे आलो होतो, ते त्याला सांगतात.